जुना पिकअप: रंगाआधी पत्रा बघा

टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, २००५ साली बाजारात आला. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन तालुक्याच्या मेकॅनिकलाही उघडता येतं. त्यामुळे अशा गाड्यांचा घात बहुधा इंजिन करत नाही. करतो तो गंज.

हर्णै किंवा मिरकरवाड्याहून मासळी वाहणारी गाडी घ्या. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून झिरपत चेसिसपर्यंत पोचतं. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. तो आत गेला, तर पैसे रंगावर घालू नयेत. चेसिस ठणठणीत असेल, तर मात्र हौद्याचा तळ नवा टाकून गाडी वापरात ठेवणं केव्हाही शहाणपणाचं.

डेंटिंग-पेंटिंगमध्ये सगळी मेहनत रंगाच्या आधीची. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, उरलेला लखलखीत होईस्तोवर घासायचा, मग प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. गंजावरच लांबी थापली, तर पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि खर्च पाण्यात जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा; नाहीतर अल्टरनेटर जळू शकतो.

मूळ रंगच ठेवला तर कागदपत्रांचं काम नाही. रंग बदलला, तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. म्हणून हे काम पासिंगच्या तोंडावर काढावं, म्हणजे ब्रेक आणि दिवेही त्याच फेरीत दुरुस्त होतात.