जुलाबाचा विषाणू दिसतो चाकासारखा

थंडी पडली की वस्तीत लहान लेकरांना उलट्या-जुलाब सुरू होतात. आम्ही घरोघरी जातो तेव्हा ऐकतो, "दात येतायत", "नजर लागली". पुष्कळदा खरं कारण असतं रोटाव्हायरस नावाचा विषाणू. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खापर नजरेवर फुटतं.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे सुमारे १३ हजार विषाणू ओळीने बसतील! त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. १९७३ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये रुथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे त्याखाली पाहिले. त्यात गोल कण दिसले. मधे तुंबा, त्यातून निघालेले आखूड आरे, बाहेरून गुळगुळीत धाव. जणू बैलगाडीचं चाकच. लॅटिन भाषेत चाकाला 'रोटा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. पोस्टरवरचे लाल-हिरवे रंग मागाहून भरलेले असतात, मूळ चित्र काळं-पांढरंच असतं.

हे चाक लहान आतड्याच्या अस्तरात शिरतं आणि पाणी शोषून घेणाऱ्या पेशी मारतं. मग पाणी जुलाबावाटे वाहून जातं. लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी संपल्यामुळे.

नर्सची नोकरी करताना आम्ही एक आई पाहिली. पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं कोणी सांगितलं म्हणून तिने दिवसभर बाळाला थेंबही दिला नव्हता. डोळे खोल गेले होते, रडताना अश्रू येत नव्हते. बाळ वाचलं, पण थोडक्यात.

म्हणून लक्षात ठेवा. अंगावरचं दूध थांबवू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजा. त्यातली साखर आणि मीठ मिळून आतड्याला पाणी ओढायला लावतात. डॉक्टर सांगतील तशा झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या. प्रतिजैविक औषध विषाणूला मारत नाही, ते मनाने देऊ नका. बाळ सुस्त पडलं, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि लस चुकवू नका. रोटाव्हायरसची लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडाने देतात, सरकारी केंद्रात ती मोफत आहे. सगळे जुलाब तिने थांबत नाहीत, पण या चाकाचा जीवघेणा फेरा बराच टळतो. बाळाचं लसीकरण कार्ड आजच काढून पाहा.