आईच्याच वजनानं फुटणारं अंडं

पाटणहून कोयनेच्या अंगानं वर गेलं की सह्याद्रीचे उभे कडे लागतात. अशाच कड्यांवर शाहीन ससाणा संसार मांडतो. मांडतो कसला, घरटंसुद्धा बांधत नाही! उघड्या कपारीत तीन-चार अंडी घालून मादी बसते. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरचा वेग सहज ओलांडणाऱ्या बहिरी ससाण्याचाच हा इथला भाऊबंद. त्याला कशाची भीती?

१९६७ साल पाटणकरांना सांगायला नको, ते कोयनेच्या भूकंपाचं वर्ष. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांचा एक छोटासा शोधनिबंध आला. गंमत अशी, की शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तिकडे ओरड केली होती : बहिरी ससाणे माजलेत, आमची कबुतरं खातात! रॅटक्लिफ ससाणे मोजायला गेले, तर ससाणेच नाहीसे होत चाललेले. उरलेल्यांच्या कपारीत फुटकी अंडी.

अंडी का फुटावीत? उत्तर सापडलं अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांच्या जुन्या खणांत. बलक काढून जपलेली, तारखा लिहिलेली अंडी तिथं होती. रॅटक्लिफनी कवचं तोलली. १९४७ च्या सुमारास ती एकाएकी हलकी झाली होती, जवळपास पाचव्या हिश्श्यानं! महायुद्ध संपून डीडीटी हे कीटकनाशक शेतात आलं, ती हीच वर्षं.

आता मादीच्या पोटात डोकावू. अंडी घालण्याआधी पक्ष्याची मादी हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवते, कणगीत धान्य भरावं तसं. वेळ आली की ते रक्तात सोडते आणि कवचग्रंथी रक्तातून उचलून अंड्याभोवती चढवते. डीडीटीपासून शरीरात बनणारं डीडीई नेमकं या उचलण्यात खोडा घालतं. मादी धडधाकट, शिकार जोरात, अंडीही वेळेवर. फक्त कवच पातळ. मग उबवायला बसली की तिच्याच भारानं ते चिरडतं.

ससाण्याच्याच नशिबी हे का? किड्यांतलं विष लहान पाखरांत साठतं, पाखरं ससाण्याच्या पोटात जातात; दर पायरीला ते दाट होतं. आणि अंगणातली कोंबडी? तिला हेच डीडीई भरपूर चारलं, तरी कवच जवळजवळ शाबूत राहतं! नुसत्या कोंबड्या तपासल्या असत्या, तर कुणाला संशयही आला नसता.

आपल्याकडे मलेरिया निर्मूलनासाठी गावोगाव भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. त्यानं असंख्य माणसं वाचली, हेही विसरून चालणार नाही. शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. पण डीडीई मातीत वर्षानुवर्षं टिकतं. हिवाळ्यात थेट उत्तर ध्रुवाकडून आपल्याकडे येणारी बहिरी मादी खाल्लेलं विष चरबीत साठवून परत निघते. वाटेत ती चरबी जळत जाते आणि विष रक्तात उतरतं, तेही ऐन अंडी घालायच्या तोंडावर.