'टिरोसिनियम' आणि 'योग्या' : उमेदवारीविषयी काही विचार

इ. स. १६१० मध्ये पॅरिस येथे जाँ बेगँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा एक छोटेखानी लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'टायरोसिनियम किमिकम', म्हणजे 'रसायनविद्येतील उमेदवारी'. बेगँ आपल्या प्रयोगशाळेत औषधी कल्पांचे प्रात्यक्षिक शिकवीत असे, आणि हा ग्रंथ त्याच्या विद्यार्थ्यांसाठीच सिद्ध झाला. सतराव्या शतकात त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पारदाचे क्लोराइड आणि अँटिमनीचे गंधकयुक्त खनिज एकत्र तापविले असता काय घडते, हे बेगँने १६१५ च्या आवृत्तीत आकृती काढून दाखविले आहे. या क्रियेत जे दोन पदार्थ निर्माण होतात, त्यांपैकी एक हिंगुळ होय. रसशास्त्राच्या अभ्यासकास ही गोष्ट जवळची वाटावी. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या ग्रंथाच्या नावातील पहिला शब्द हा आहे.

'टिरो' म्हणजे सैन्यात नव्याने भरती झालेला तरुण, आणि त्याचा आरंभीचा शिक्षणकाळ म्हणजे 'टिरोसिनियम'. (मध्ययुगात हा शब्द 'टायरो' असा वर्णभेदाने लिहिला जाऊ लागला.) वेजेटियस या रोमन लेखकाने या नवशिक्यांच्या कवायतीचे वर्णन केले आहे. जमिनीत रोवलेल्या खांबाला शत्रू मानून त्यांनी लाकडी तलवारीने वार करावयाचे. ती तलवार आणि वेताची ढाल ही दोन्ही खऱ्या शस्त्रांच्या दुप्पट वजनाची असत, म्हणजे प्रत्यक्ष रणात खरे शस्त्र हलके वाटे. पुढे हा शब्द नागरी जीवनातही आला. रोमन तरुण वयात आला की त्यास एखाद्या नामांकित विधिज्ञाच्या अथवा वक्त्याच्या हवाली करीत. न्यायसभेत त्याच्या मागोमाग हिंडणे, त्याचे युक्तिवाद ऐकणे, त्याच्या घरी बसणे यास 'टिरोसिनियम फोरी' म्हणत. सिसेरो असाच स्कीव्होला या वृद्ध विधिज्ञाजवळ शिकला. टॅसिटसच्या वक्तृत्वविषयक संवादग्रंथात ही पद्धत मागे पडल्याची खंत आढळते. तरुण पूर्वी लढाईतच लढावयास शिकत, आता शाळेत बसून कल्पित विषयांवर भाषणे करतात, असा त्या तक्रारीचा आशय आहे. आजच्या इटालियन भाषेत विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणकाळास 'तिरोचिनियो' म्हणतात. ज्या पोर्तुगीजांचा अंमल आमच्या वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत होता, त्यांच्या भाषेतही हा शब्द आहे.

आपल्या मराठीत या अर्थाचे शब्द दोन मुलखांतून आले. 'शागिर्दी' आणि 'उमेदवारी' हे फारसीकडून; त्यांपैकी दुसऱ्याच्या पोटात 'उमेद' म्हणजे आशा आहे. निवडणुकीने तो शब्द इतका व्यापला आहे की 'अमक्याने वैद्याकडे उमेदवारी केली' असे म्हटले तर तरुण पिढी क्षणभर थबकते. संस्कृताकडून 'अंतेवासी' आला, म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. आज आपण पदवीनंतरच्या वर्षास 'आंतरवासिता' म्हणतो. शब्दात निवास आहे. प्रत्यक्षात किती जण कोणाच्या निकट राहतात, हे वाचक जाणतातच.

परंतु या लॅटिन शब्दाचा खरा सोयरा मला सुश्रुतसंहितेत सापडतो. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायाचे नाव 'योग्यासूत्रीय'. येथे 'योग्या' म्हणजे पात्रता नव्हे, अभ्यास. हाताने पुनःपुन्हा केलेले कर्म. सर्व शास्त्र शिकून झालेल्या शिष्याकडूनही आचार्यांनी योग्या करवून घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. छेदनकर्म कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. भेदन पाणी वा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. लेखन केसाळ ताणलेल्या कातड्यावर. वेधन मृत पशूच्या सिरांवर आणि कमळाच्या देठावर. एषण किडीने पोखरलेल्या लाकडावर, वेळूवर. बंधनासाठी वस्त्राचा पूर्णाकृती पुरुष करावयाचा. ही यादी वाचताना रोमन शिपायाचा तो खांब डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याआधी तिसऱ्या अध्यायात सुश्रुतांनी शास्त्र जाणणाऱ्या, पण कर्मात अकुशल वैद्याची तुलना रणांगणात आलेल्या भित्र्या मनुष्याशी केली आहे. दोन दूरच्या संस्कृतींना नवशिक्याविषयी बोलताना रणभूमीच आठवावी, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. रोगी समोर येतो तेव्हा पुस्तक उघडण्यास अवकाश नसतो.

औषधनिर्माणातही तेच. रसरत्नसमुच्चयाचा अध्यायक्रम पाहावा. सहावा अध्याय शिष्योपनयनाचा, सातवा रसशाळेचा, आणि यंत्रे व मूषा त्यानंतर. आधी शिष्य, मग शाळा, मग उपकरणे. आज आपल्या फार्मसींत हा क्रम बरोबर उलटा झाला आहे, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

याचे एक कारण कायद्यात आहे. औषधे व प्रसाधने नियम, १९४५ मधील १५७ व्या नियमाच्या मूळ मांडणीत आयुर्वेदीय औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीची अर्हता दिली आहे. औषधनिर्माणशास्त्र, रसायन वा वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराकडून दोन वर्षांचा निर्मितीचा अनुभव अपेक्षिला आहे. राज्याच्या नोंदवहीतील परंपरागत वैद्याकडून चार वर्षांचा. आयुर्वेदाच्या पदवीधराकडून मात्र अनुभवाची अट नाही, पदवी पुरेशी. हा विश्वास आपल्या पदवीचा गौरव आहे, तशीच ती आपल्यावरील जबाबदारीही आहे. पोर्तुगीज गोव्यात १६१८ साली तेथील नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली आणि मुख्य वैद्याधिकाऱ्याच्या परीक्षेवाचून कोणी व्यवसाय करू नये असे ठरविले. म्हणजे परीक्षा घ्यावयाची सरकारने, शिकवायचे मात्र वैद्याच्या घरानेच. आता पदवी महाविद्यालय देते, आणि हात शिकविणारे ते घर राहिले नाही.

विरारच्या पूर्वेस चांदीप येथील माझ्या चिकित्सालयात नवे पदवीधर येतात. सिद्धतैलाची लक्षणे विचारली तर धडाधड सांगतात : कल्काची बोटांमध्ये वात वळली पाहिजे, ती अग्नीवर टाकता चटचट आवाज होऊ नये, तैलात फेस येतो, घृतात तो शमतो. उत्तर पूर्ण बरोबर. परंतु कढईपुढे उभे केले की मृदुपाक कोठे संपतो आणि मध्यम कोठे सुरू होतो, हे बोटांना सांगता येत नाही. नस्यासाठी मृदु, अभ्यंगासाठी खर, हा भेद पुढील चिकित्सेचा आधार आहे. तो हुकला तर दोष रोग्याच्या नाकापर्यंत पोहोचतो. रससिंदूराच्या कूपीला नेमकी केव्हा डाट मारावयाची, हे तर त्याहून कठीण. मुखावरील निळी ज्योत मावळणे, तळ उगवत्या सूर्यासारखा लाल दिसणे, शीतशलाका आत घालून पाहणे ही लक्षणे छापील आहेत. ती ओळखणारा डोळा तीन-चार भट्ट्या शेजारी बसून पाहिल्यावर येतो. माझ्या मते याला दुसरा मार्ग नाही. चित्रफितीही येथे अपुऱ्या पडतात, कारण गंध आणि स्पर्श त्यांत नाहीत.

शासनस्तरावर काहीच झाले नाही असे नव्हे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरुशिष्य परंपरेचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालविला आहे, आणि त्यात औषधनिर्माणाचे गुरुही असतात. तथापि तेथे जाणारे मोजके. तालुक्याच्या गावी बसलेल्या पदवीधरासाठी जवळची फार्मसी हेच विद्यालय होऊ शकते.

फार्मसीचालक बंधूंची शंका रास्त आहे : नवशिक्याच्या हाती घाणा दिला आणि बिघडला तर भुर्दंड कोणी सोसावयाचा? म्हणून मोठ्या घाण्यास हात लावू देऊ नये, शिकवणीचा घाणा वेगळा ठेवावा. एक लिटर तीळतैल, पाव किलो कल्क, चार लिटर क्वाथ. शास्त्रोक्त प्रमाण तेच, आकार लहान. असे तीन घाणे एकाच दिवशी लावावेत. पहिला मृदुपाकावर उतरवावा, दुसरा मध्यमावर, तिसरा खरपाकावर. प्रत्येकाचा कल्क वेगळ्या वाटीत ठेवून उमेदवाराने तो डोळे मिटून बोटांनी चोळावा व कोणता कोणता ते सांगावे. हा माल विक्रीस काढू नये, हे वेगळे सांगावयास नको. बस्तीच्या योग्येस तर खर्चही नाही. सुश्रुतांनी बस्तिनेत्र धरण्याचा सराव भोपळ्याच्या तोंडावर व पाण्याच्या घड्याच्या छिद्रावर करावयास सांगितला आहे, आणि विरारच्या भाजीबाजारात दुधी बारमाही मिळतो. आमच्याकडे पहिला महिना दुधीचाच असतो. दुसऱ्या महिन्यात कापडी पुतळ्यावर पट्टबंधन, आणि कढईची पाळी त्यानंतर येते.