एकच पंथ, दोन देश

जागतिक आनंद अहवालात 2018 ते 2025 अशी सलग आठ वर्षं फिनलंड पहिला आला. डेन्मार्क, आइसलंड, स्वीडन आणि नॉर्वेही कायम वरच्या रांगेत. पाचही देश लुथरन परंपरेतले. मग सुखाचं मूळ मार्टिन लुथरच्या या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथात आहे का?

हे तपासायचं तर नामिबियाकडे बघावं. 1870 साली फिनलंडचे मिशनरी तिथे उत्तरेकडच्या ओवाम्बो लोकांत पोहोचले. आज त्या देशातले निम्म्याच्या आसपास लोक लुथरन आहेत. तरीही अहवालात नामिबिया फार खाली दिसतो. पंथ तोच, पण वाट्याला काय आलं? जर्मनांची वसाहत, 1904 ते 1908 मधला हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार, पुढे 1990 पर्यंत दक्षिण आफ्रिकेचा अंमल. उत्पन्नातली टोकाची विषमता अजून गेलेली नाही.

फिनलंडमध्ये तर उलटं घडतं आहे. 2000 साली सुमारे 85 टक्के लोक चर्चचे सभासद होते, आता दोनतृतीयांशही उरले नाहीत. पहिला नंबर मात्र टिकून आहे.

म्हणून पंथाचा काहीच संबंध नाही, असंही मला वाटत नाही. फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता तेव्हा, 1686 च्या चर्च कायद्याने घरोघरी वाचन शिकवणं बंधनकारक झालं. पाद्री वस्तीवर यायचा. मालक-मालकीण, मुलं, गडी, मोलकरणी सगळे एका खोलीत बसत. एकेकाकडून तो लुथरची प्रश्नोत्तरी वाचून आणि म्हणवून घ्यायचा आणि कोणाला किती येतं, त्याच्या खुणा वहीत करायचा. जमलं नाही तर लग्न अडायचं. जाच होताच, पण मजुराची पोरही वाचायला शिकली. गरिबांचा सांभाळही चर्चकडे असे. 1865 नंतर तो पालिकांकडे गेला. सरकारवर आणि शेजाऱ्यावर भरवसा ठेवणारा समाज घडला, त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा मोठा असावा. आनंदाचे अभ्यासकही याच भरवशाला फार महत्त्व देतात.

या वारशाला दुखरी बाजूही आहे. प्रामाणिकपणे केलेलं कुठलंही काम ही ईश्वराची सेवाच, अशी लुथरची शिकवण. ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फान होर्न आणि मासलंड या अभ्यासकांनी 2013 मध्ये 82 समाजांतल्या सुमारे दीड लाख लोकांची माहिती तपासली. बेकारीने समाधान सगळीकडेच घटतं. प्रोटेस्टंट समाजांत ते जास्त घटतं, असं त्यांना आढळलं. तिथे नोकरी गेली की पगाराइतकाच जिवाला लागतो तो आपण निरुपयोगी झाल्याचा सल.