मध्ययुगीन नांवें व ढालचिन्हें यांची परीक्षा : एका अमेरिकन मंडळाची पद्धति

गेल्या वर्षीं कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. ती तेथील एका मंडळांत जाऊं लागली होती. त्या मंडळांत प्रत्येक सभासदानें सन १६०० च्या पूर्वींच्या काळास शोभेल असें एक नांव धारण करावयाचें असतें व त्याच काळाच्या रीतीचें चिन्ह आपल्या ढालीवर काढावयाचें असतें. "गुरुजी, यादवांच्या काळचें एखादें चांगलें स्त्रीनाम सुचवा," एवढीच तिची मागणी होती. मागणी क्षुल्लक समजून मीं परतटपालीं उत्तर पाठविलें, आणि तें चुकलें. कसें चुकलें हें पुढें येईलच. त्या निमित्तानें नांवें व चिन्हें पारखण्याची त्या मंडळाची पद्धति मला समजून घ्यावी लागली. आणि कागदांचा खरेखोटेपणा पाहणें हें ज्यांचें नित्याचें काम, त्या या त्रैमासिकाच्या वाचकांस ती परिचयाची असावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

मंडळाचें नांव 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम'. 'अनॅक्रॉनिझम' म्हणजे कालविपर्यास. जो दोष हुडकून काढण्यांत आम्हां लोकांचें आयुष्य गेलें, तोच या मंडळीनें हौसेनें नांवांत मिरविला आहे! १ मे १९६६ रोजीं बर्कली येथें कांहीं तरुणांनीं एका घराच्या परसांत मध्ययुगीन वेष करून शस्त्रांचा सामना भरविला, तेथून आरंभ. पुढें एका उद्यानांत तसाच मेळा भरविण्यास परवानगी मागावयाची होती व अर्जावर संस्थेचें कांहीं तरी नांव घालणें भाग होतें. तेव्हां कादंबरीकर्त्री मॅरियन झिमर ब्रॅडली यांनीं हें नांव सुचविलें. १९६८ सालीं रीतसर नोंदणी झाली. आज मंडळाचीं वीस 'राज्यें' असून त्यांपैकीं कांहीं युरोप व ऑस्ट्रेलिया येथें आहेत. राजा सामना जिंकून गादीवर बसतो व कांहीं महिन्यांनीं उतरतो. हा सर्व खेळच आहे, हें तेही जाणतात. परंतु या खेळांत एक खातें असें आहे कीं, तेथें खेळ संपून शास्त्र सुरू होतें.

तें खातें हेरल्डांचें. युरोपांत हेरल्ड म्हणजे कांहींसा आपल्याकडील भाट, कांहींसा चोपदार व कांहींसा वंशावळी राखणारा, असा तिहेरी कामाचा अधिकारी. इंग्लंडांत या अधिकाऱ्यांच्या मंडळास तिसऱ्या रिचर्डनें १४८४ त सनद दिली व तें मंडळ लंडनांत आजही आहे. त्याच नमुन्यावर या हौशी मंडळानेंही आपलें 'कॉलेज ऑफ आर्म्स' स्थापिलें. त्याच्या मुख्यास लॉरेल असा किताब असून त्याच्या हाताखालीं नांवांचा निर्णय पेलिकन व ढालचिन्हांचा निर्णय रीथ या किताबाचा अधिकारी करतो. सभासद आपला अर्ज गांवच्या हेरल्डाच्या साह्यानें भरतो. तो राज्याच्या हेरल्डांकडे जातो, तेथून टिकला तर सर्व राज्यांच्या हेरल्डांपुढें मांडला जातो. मग ज्याला जें ठाऊक असेल तो तें लिहितो : या नांवास अमक्या साली अमक्या गांवच्या कररजिस्टरांत पुरावा आहे, हें रूप स्त्रीचें नसून पुरुषाचें आहे, हें चिन्ह पूर्वींच दुसऱ्याच्या नांवें आहे, इत्यादि. शेवटीं निर्णय होतो व दर महिन्यास मान्य आणि परत केलेल्या अर्जांचें एक पत्रक निघतें. परत केलेल्या प्रत्येक अर्जाचें कारण तेथें लिहिलेलें असतें. मला या सर्वांत हेंच अधिक मोलाचें वाटलें. आपल्याकडे किती वंशावळी 'विश्वसनीय वाटत नाहीं' एवढ्या एका वाक्यानें बाजूस टाकल्या गेल्या आहेत, आणि कां वाटत नाहीं हें कोठेंही नमूद नाहीं!

आतां नांवांची कसोटी. 'जुनें वाटतें' हा या कॉलेजांत पुरावा धरला जात नाहीं. ज्या कागदांत तें नांव आहे त्याचा काल, आणि कागदांतील मूळ अक्षरें, हीं दोन्ही दाखवावीं लागतात. कोशकारानें मथळ्यावर छापलेलें सुधारलेलें रूप चालत नाहीं. त्याखालीं दिलेलीं सालवार रूपें पाहावीं लागतात. ही कडक अट कां, हें दोन उदाहरणांवरून कळेल.

'सेड्रिक' हें नांव ऐकतांच इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढें जुना सॅक्सन सरदार उभा राहतो. पण हें नांव सर वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरींतून, म्हणजे १८१९ च्या अखेरीपासून, लोकांत आलें. वेसेक्सच्या राजघराण्याचा मूळपुरुष म्हणून जुन्या बखरींत 'सर्डिक' असें नांव येतें. त्यांतील रकार व डकार यांची अदलाबदल होऊन 'सेड्रिक' झालें असावें. निरुक्तकार ज्याला वर्णविपर्यय म्हणतात तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तो लोकांच्या जिभेवर न होतां एका लेखकाच्या लेखणींत झाला. दुसरें उदाहरण 'इमोजेन'. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन' नाटकाच्या १६२३ च्या छापील प्रतींत नायिकेचें नांव असें आहे. परंतु १६११ त तो प्रयोग पाहिलेल्या सायमन फोरमननें आपल्या टिपणांत 'इनोजेन' लिहिलें आहे. रोमन लिपींत दोन नकार शेजारीं आले कीं त्यांचा मकार दिसतो, हें ध्यानांत घेतां छापणाराच्या डोळ्यानें एक नवें नांव जन्मास घातलें असेंच बहुतेक विद्वान् मानतात. मोडी वाचणारांस यांत नवल वाटूं नये. एकाच पाटलाचे दोन पाटील झालेले आपण पाहिले आहेत.

उलट 'टिफनी' हें नांव कोणासही कालपरवांचें वाटेल. परंतु तें ग्रीक 'थिओफानिया' या शब्दाचें घासलेलें रूप असून, प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशीं जन्मलेल्या मुलींस इंग्लंड-फ्रान्सांत मध्ययुगांतच ठेवीत असत. मिळून, कानास जुनें तें नवें आणि कानास नवें तें जुनें. कानाची साक्ष घेऊंच नये, हें त्या कॉलेजानें अनेक वर्षांच्या चुका पाहून ठरविलें आहे. आरंभीच्या काळांत त्यांच्याही नोंदींत कल्पित कथांतील नांवें शिरलीं होतीं. पूर्वीं नोंदलेलें नांव मागाहून नियम बदलला म्हणून काढून घेत नाहींत, यामुळें तीं आजही राहिलीं आहेत.

आतां माझी फजिती सांगतों. मीं विद्यार्थिनीस 'मृणालिनी' हें नांव लिहून पाठविलें होतें, आणि ठाम आधार म्हणून पुढें जोडलें होतें कीं, परमार मुंजाच्या बंदिवासांत ज्या तैलपभगिनीचें त्याच्यावर प्रेम जडलें तिचें हेंच नांव असून मेरुतुंगाचार्याच्या 'प्रबंधचिंतामणीं'त तें आलें आहे. तिचें उलटपत्र आलें : "गांवचे हेरल्ड पृष्ठ विचारतात." चाळीस वर्षें मुलांना मल्लिनाथाची निराधार न लिहिण्याची प्रतिज्ञा शिकविणाऱ्या मास्तरास एका परक्या देशांतील हौशी माणसानें पृष्ठ विचारावें! किंचित् रागानेंच मीं ग्रंथ काढला. त्यांत नांव 'मृणालवती' असें होतें. 'मृणालिनी' माझ्या स्मरणांत कोठून आली? शोध घेतां दिसलें कीं, ती बंकिमचंद्रांच्या १८६९ च्या कादंबरींतून आली. बंगालवरील बख्तियार खलजीच्या स्वारीचा काळ त्या कादंबरीस आहे. म्हणजे स्कॉटनें इंग्रजांस 'सेड्रिक' दिला तसेंच माझ्या बाबतींत घडलें होतें. मृणालिनी हा शब्द संस्कृतांत जुना आहे यांत संशय नाहीं. पण शब्द असणें व तें नांव कोणा स्त्रीस ठेवलेलें असणें या भिन्न गोष्टी होत, आणि कालनिर्देश असलेल्या लेखांत तें नांव मला सांपडलें नाहीं.

मग 'मृणालवती' घ्यावी काय? मेरुतुंगाचा ग्रंथ १३०५ च्या सुमाराचा, काल बसतो. परंतु तो प्रबंध आहे, शिलालेख नव्हे, आणि कवि-प्रबंधकार नांवांस उजाळा देतात हें आपल्याला चांगलें ठाऊक आहे. कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्यास दिली होती. बिल्हण आपल्या 'विक्रमांकदेवचरितां'त तिला चंद्रलेखा म्हणतो. शिलालेख तिला चंदलदेवी म्हणतात. घरांत तिला कोणत्या नांवानें हांक मारीत असतील याविषयीं मला तरी शंका नाहीं. त्या कॉलेजाचा नियम असा कीं, त्या काळच्या वाङ्मयांतील मानवी पात्राचें नांव चालूं शकतें. देवतेचें अगर अद्भुत प्राण्याचें चालत नाहीं. तेव्हां अडचण नियमाची नव्हती, माझ्या मनाची होती.

म्हणून मीं तिला महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'कडे वळविलें. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत रचलेल्या त्या ग्रंथांत चक्रधरांच्या भोंवतीं वावरणाऱ्या खऱ्याखुऱ्या बायका आहेत : बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा. हातीं असलेल्या पोथ्या मागाहूनच्या आहेत हें खरें, आणि शेवटचा 'आइसा' हा आदरार्थीं अंश असल्यानें मूळ नांव किती, असें परीक्षक विचारतील हेंही खरें. पण यादवांच्या महाराष्ट्राची माती या नांवांस लागलेली आहे. मुलगी प्रथम हिरमुसली. तिनें लिहिलें, "गुरुजी, हीं तर आमच्या पणजीचीं नांवें वाटतात." मीं कळविलें कीं, पणजीच्या पणजीचीं असतील तर उत्तमच.

ढालचिन्हांचें प्रकरण निराळें आहे. युद्धांत मुख टोपानें झांकलेलें असतां माणूस दुरून ओळखावा, यासाठीं बाराव्या शतकांत युरोपांत ही चाल पडली. म्हणून ओळखूं येणें हाच तिचा प्राण. सोनेरी व रुपेरी हे दोन धातु. निळा, तांबडा, काळा, हिरवा व जांभळा हे रंग. धातूवर धातु किंवा रंगावर रंग ठेवूं नये, असा सामान्य नियम आहे; निळ्यावर काळा सिंह पन्नास पावलांवरून कोणास दिसणार? चिन्हाचें वर्णन ठराविक परिभाषेंत करतात व तें वाचून कोणाही चिताऱ्यास तेंच चित्र काढतां आलें पाहिजे. आपले ध्यानश्लोक मूर्तिकारास जें काम देतात तेंच हें. वर्णन करतां येत नसेल तर चिन्हही परत येतें.

एक चिन्ह एकाचेंच असावें, यावरून इंग्लंडांत मोठा खटला झाला आहे. स्क्रोप व ग्रोव्हनर या दोन घराण्यांचें चिन्ह एकच निघालें : निळ्या क्षेत्रावर सोनेरी तिरपा पट्टा. १३८५ पासून साक्षी घेत होते. कवि चॉसर यानेंही १३८६ त साक्ष दिली. अखेर १३९० त दुसऱ्या रिचर्ड राजानें निशाण स्क्रोपचें ठरविलें. हल्लींच्या कॉलेजांत हाच वाद मोजून मिटवितात. दोन चिन्हांत निदान दोन मोजण्याजोगे भेद हवेत. क्षेत्राचा रंग बदलणें हा एक भेद, आकृतीचा रंग बदलणें हा दुसरा. मुख्य आकृतीच सर्वस्वीं निराळी असेल तर तेवढ्यानें भागतें. राजाचा मुकुट ज्याचा अधिकार नाहीं त्यास मिळत नाहीं, आणि पांढऱ्यावर लाल तुटक क्रूस कोणासच नाहीं, कारण तो १८६४ च्या जिनीव्हा करारापासून जखमींच्या शुश्रूषेचें चिन्ह ठरला आहे.

या ठिकाणीं आमच्या मुलीनें मोठा पेंच आणला. यादवांचा गरुड, चालुक्यांचा वराह, गोव्याच्या कदंबांचा सिंह हीं राजलांछनें. साध्या स्त्रीनें तीं कशीं घ्यावींत? म्हणून तिनें स्वस्तिक काढलें. आधार काय कमी? लेण्यांतील लेखांच्या आदिअंतीं तें कोरलेलें आहे. पण नियमांत स्वस्तिक स्पष्ट वर्ज्य आहे. मला वाईट वाटलें. एक खरमरीत पत्रही मीं लिहून ठेवलें, पण धाडलें नाहीं. त्याच दिवाणखान्यांत ज्यांचे आजोबा-आजी १९३३ ते १९४५ या काळांत युरोपांत मारले गेले तेही जेवावयास बसतात. त्यांच्या दृष्टीस तें चिन्ह ढालीवर पडूं नये, असें यजमानानें ठरविलें तर पाहुण्यानें प्राचीनत्वाचा पुरावा काढून भांडूं नये. नियमकर्त्यांनीं पुरावा नाकारलेला नाहीं, पुरावा असूनही नको म्हटलें आहे, हेंही सरळपणाचें आहे. तथापि आपल्या उंबरठ्यावरचें स्वस्तिक व तें वांकडें चिन्ह यांतील भेद त्यांनीं पत्रकांत दोन ओळींत तरी नमूद करावा, असें मला अजून वाटतें.

या पद्धतींत दोष नाहींत असें नाहीं. नोंदणीस पात्र असणें व खरोखर त्या काळचें असणें यांत त्यांनीं अंतर ठेवलें आहे. दोन देशांच्या भाषांतील अंश जोडून केलेलें नांवही ठराविक मर्यादेंत मान्य होतें, जरी तसा मनुष्य कधीं झाला नसेल. स्वतःच्या कायदेशीर नांवाचा अंश पुराव्यावांचून घेण्याचीही सवलत आहे. संशोधकास हें सैल वाटेल, पण त्यांचें काम सभासदास नांव देण्याचें आहे.

मुलीनें आतां स्वस्तिकाऐवजीं कमळ घेतलें असून नांव 'उमाइसा' धरलें आहे. परंतु नांवास दुसरा भाग लागतोच : बापाचें नांव, गांव किंवा धंदा. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखांत, शके ११९५ ते ११९९ मधील, देणगीदारांचीं नांवें आहेत. तीं मी पुनः वाचीत आहें. इतर कोणा वाचकाच्या पाहण्यांत त्या शतकांतील एखाद्या स्त्रीचें नांव बापाच्या वा गांवाच्या नांवासह आलें असल्यास त्यांनीं शक, स्थळ व मूळ अक्षरें जशींच्या तशीं कळवावीं. 'मृणालिनी' कोठें सांपडली तर तेंही कळवावें, पृष्ठासह.