फोन कुठून आला?

एसटीडी कोड म्हणजे फोनचा पिनकोडच म्हणा ना! आपल्या खंडाळा-शिरवळचा ०२१६९, वाईचा ०२१६७, साताऱ्याचा ०२१६२, सांगलीचा ०२३३. लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याचा मात्र ०२११४. म्हणजे नावाने घोटाळा झाला तरी कोडने व्हायचा नाही. सुरुवातीचे शून्य सोडले, तर कोड आणि क्रमांक मिळून दहा आकडे भरतात. म्हणूनच पुण्याचा कोड आखूड आणि क्रमांक लांब.

मोबाइलचे तसे नाही. पहिल्या आकड्यांवरून पूर्वी कंपनी आणि सर्कल कळे. पण २०१५ पासून तोच क्रमांक घेऊन देशात कुठल्याही सर्कलमध्ये जाता येते. त्यामुळे क्रमांकाचे माहेर कळते, सासर नाही.

१४०ने सुरू होणारा फोन जाहिरातवाल्यांचा. +९२ हा पाकिस्तानचा कोड. तिथून ‘मुंबई पोलीस’ कशाला बोलतील? पण खरा धोका पुढेच आहे. परदेशातून केलेल्या फोनवरही भारतीय क्रमांक दिसेल, अशी लबाडी करता येते. तेव्हा ०२२ दिसले म्हणून समोर पोलीसच आहे, असे समजू नका. ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच. फोन ठेवा, ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून लावा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० फिरवा.