तिकिटाच्या मागची बाजू : एस्सेलवर्ल्डची कागदपत्रे जमवताना

रत्नागिरीत राहून संशोधन करतो म्हटले की ऐकणारा टिळक, थिबा राजा किंवा पतितपावन मंदिर यांपैकी एखादा विषय गृहीतच धरतो. मी एस्सेलवर्ल्डची तिकिटे, माहितीपत्रके आणि फोटो जमवतो असे सांगितले की तो आधी हसतो. पाच मिनिटांनी मात्र हमखास म्हणतो, "आमची शाळेची सहल गेली होती हो तिथे!" माझ्या संग्रहाची सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्यापासून होते.

बोरिवलीच्या पलीकडे, गोराईला, खाडी ओलांडून जायचे हे मनोरंजन उद्यान 1989 साली सुरू झाले. शेजारी 1998 मध्ये वॉटर किंगडम आले. 2022 मध्ये एस्सेलवर्ल्डचे दरवाजे बंद झाले. म्हणजे जेमतेम तेहतीस वर्षांचा हा इतिहास. त्याला इतिहास म्हणावे का, असे मला अनेकांनी विचारले आहे. मुंबईचा नातेवाईक, टीव्हीवरची जाहिरात आणि रातराणी एसटी या तीन गोष्टींनी कोकणातल्या एका पिढीच्या डोक्यात मुंबईचे जे चित्र तयार झाले, त्यात गेटवे ऑफ इंडिया आणि राणीच्या बागेशेजारी हे उद्यान होते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली 1998 मध्ये. त्याआधी इथल्या मुलाला जत्रेतला पाळणा माहीत होता. आकाशात उलटे टांगणारा पाळणा त्याने पहिल्यांदा गोराईला पाहिला.

अमेरिकेत डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले. त्याच्यावरची पुस्तके मोजता येणार नाहीत इतकी आहेत. तिथे पूर्वी 'ए'पासून अक्षरे छापलेल्या कुपनांची तिकीटपुस्तिका मिळे. सर्वांत थरारक खेळांसाठीचे 'ई' कुपन 1959 मध्ये आले आणि 1982 मध्ये ही पद्धत बंद झाली. आज ती कुपने संग्राहक जपून ठेवतात. शिवाय कंपनीनेच 1970 मध्ये स्वतःचा दफ्तरखाना उभारला. आपल्याकडे तसे काही नाही. सुभाष चंद्र यांच्या 'द झी फॅक्टर' (2016) या आत्मचरित्रात या उद्यानाची हकीकत येते, पण ती उभारणाऱ्याच्या बाजूने. पाहायला गेलेल्यांची बाजू पुस्तकात मिळत नाही. ती मिळते रद्दीत. दिल्लीचे अप्पू घर 1984 मध्ये सुरू होऊन 2008 मध्ये बंद झाले. त्याचीही आठवण आज मुख्यतः घरोघरच्या अल्बमांतच उरली आहे.

माझ्याकडे आहे ते असे : प्रवेश तिकिटांचे अर्धे तुकडे, नकाशा असलेली पत्रके, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, रंगीत फोटो आणि शाळांची सहलीची पत्रके. या शेवटच्या प्रकाराला मी सर्वांत मोठा मान देतो. सहलीच्या पत्रकात निघण्याची वेळ, वर्गणी, बरोबर आणायचा डबा, पालकांची सही असे सगळे असते. त्यातून कोणत्या घरातला मुलगा जाऊ शकला हे कळते. पत्रकाखाली नावांची यादी असेल तर कोण गेले नाही, हेही कळते. वर्गणीच्या आकड्यापुढे पेन्सिलने 'दोन हप्त्यांत' असे लिहिलेले एक पत्रक माझ्याकडे आहे. सबंध संग्रहात मला त्याहून मोलाचा कागद नाही.

आता काम कसे चालते ते सांगतो, कारण वाचकांपैकी कुणालाही ते करता येईल. पहिला प्रश्न तारखेचा. पत्रकावर सहसा साल नसते. तरी कागद बोलतो. 'बॉम्बे' असे छापले असेल तर बहुधा 1995 पूर्वीचे, कारण त्या वर्षी शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. मात्र जुना साठा संपेपर्यंत जुने नाव चालूच राहते, म्हणून एवढ्यावर भिस्त ठेवू नये. मुंबईचा दूरध्वनी क्रमांक सात आकडी असेल तर तो 2002 च्या सुमाराच्या आधीचा. त्यानंतर पुढे 2 लागून तो आठ आकडी झाला. संकेतस्थळाचा पत्ता असेल तर कागद 1995 नंतरचा, कारण आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांसाठी त्या वर्षी 15 ऑगस्टला खुले झाले. रुपयाचे आजचे चिन्ह 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले गेले; ते दिसले की कागद त्यानंतरचा.

सर्वांत उपयोगी पडतो तो कर. मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर सेवाकर लागला 1 जून 2015 पासून, 14 टक्के. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला स्वच्छ भारत उपकराचा अर्धा टक्का आणि 1 जून 2016 ला कृषी कल्याण उपकराचा आणखी अर्धा टक्का वाढला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, 28 टक्के. 25 जानेवारी 2018 पासून तो 18 टक्क्यांवर उतरला. म्हणजे कुठल्याही उद्यानाच्या त्या काळातल्या तिकिटावर कराची ओळ वाचता आली, तर काही महिन्यांच्या अंतराने त्याचा काळ ठरवता येतो. फोटोवरच्या नारिंगी तारखेपेक्षा मी या ओळीवर जास्त विश्वास ठेवतो; कॅमेऱ्यातली तारीख कित्येकांनी कधी लावलेलीच नसते.

दुसरा प्रश्न जपणुकीचा, आणि रत्नागिरीत तो पहिल्याहून अवघड. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने कपाटातला कागदसुद्धा दमट असतो. बुरशी, कसर आणि वाळवी या तिघांशी सामना असतो. मी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवतो, कागद जमिनीलगत ठेवत नाही, आणि पावसाळा संपला की सावलीत वारा देतो. उन्हात वाळवल्यास रंग उडतो. लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. पाठीमागे नोंद करायची तर मऊ पेन्सिलने.

सर्वांत वाईट अवस्था अलीकडच्या तिकिटांची आहे. अशी बरीच तिकिटे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापतात. त्यावर शाई नसतेच. कागदावरचा रासायनिक थर काळा होतो आणि ऊब, प्रकाश, प्लास्टिकची पिशवी यांच्या संगतीत हळूहळू फिका पडतो. त्यामुळे विचित्र गोष्ट घडते : शाईने छापलेले जुने तिकीट आजही स्वच्छ वाचता येते आणि 2016 चे तिकीट कोरे होऊन बसते. असा कागद हाती आला की त्याच दिवशी त्याची प्रतिमा काढून ठेवावी.

हे सगळे कशासाठी? पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या तेव्हा त्या वस्तू कुणाच्याही घरात सापडण्याजोग्या होत्या. आज त्या संग्रहालयात पाहून आपण आजीचे स्वयंपाकघर ओळखतो. 1990 नंतरच्या महाराष्ट्राची मौज, तिचा खर्च आणि तिच्यासाठी केलेली काटकसर उद्या कुणाला समजून घ्यायची असेल, तर त्याला कंपनीचे ताळेबंद पुरणार नाहीत. त्याला डब्यात पोळीभाजी नेणाऱ्या वर्गाचे पत्रक लागेल. उद्यान बंद झाल्याने यापुढे नवे कागद तयार होणार नाहीत. आहेत तेही वर्षाला थोडे थोडे कमी होत जातील.

हा अंक हाती पडेपर्यंत घरोघरची दिवाळीची साफसफाई उरकलेली असेल. तरी माळ्यावरचे एखादे खोके राहिलेलेच असते. ते उघडाल तेव्हा फोटो उलटून पाठीमागची बाजू पाहा. कोण, कुठे, कोणत्या साली, एवढे तीन शब्द सांगणारे माणूस घरात असेपर्यंत लिहून घ्या. खोके माझ्याकडे पाठवायची गरज नाही. तुमच्याच कपाटात, भिंतीपासून चार बोटे पुढे, ते सुरक्षित राहील.